आईनंतर दादाला संस्थेत ठेवावं का? एका बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो नीट कळलाय ना, हे बघण्यासाठी आधी माझ्या शब्दांत मांडते. दादा ४२ वर्षांचे. प्रमाणपत्रावर मध्यम बौद्धिक अपंगत्व, ७५ टक्के. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, आता नाहीत. आई ७४ वर्षांच्या. मागच्या पावसाळ्यात गॅलरीत पाय घसरून पडल्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दोघं नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहतात आणि रिडेव्हलपमेंटसाठी खोली रिकामी करायची वेळ आता जवळ आलीय. तुम्ही कांदिवलीला, नवरा, दोन मुलं, नोकरी. मामा म्हणतात, कर्जतकडे छान आश्रम आहे, तिथे ठेवा, सगळे मोकळे व्हाल. मावशी म्हणतात, पोटच्या पोराला आश्रमात टाकणं म्हणजे पाप. आणि तुम्ही विचारताय, संस्था की घर?

मी २६ वर्षं मुंबईत विशेष शिक्षिका म्हणून काम करतेय. त्यातली गेली १७ वर्षं अठरा वर्षांवरच्यांच्या विभागात, म्हणजे जिथे पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं भरणं, फायली शिवणं चालतं त्या वर्कशॉपमध्ये. तुमच्यासारख्या बहिणी, भाऊ, म्हातारे आईवडील हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना मी जे सांगते तेच तुम्हाला सांगते. दादांना मी पाहिलेलं नाही. त्यांना फिट येतात का, रात्री झोप कशी आहे, राग आला तर काय करतात, यावर माझं निम्मं उत्तर बदलू शकतं, हे मनात ठेवून वाचा.

मला अडतं ते तुमच्या प्रश्नातल्या 'की' या शब्दाशी. घर म्हणजे समाजात राहणं आणि संस्था म्हणजे समाजातून बाहेर, असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात ते इतकं सरळ नसतं. उपनगरातल्या एका चांगल्या टू बीएचकेमध्ये मी एका बाईंना भेटले होते, वय ३९. आईवडील गेले, भावाने प्रेमाने आपल्याकडे आणलं. भाऊ-वहिनी सकाळी साडेआठला निघायचे ते रात्री आठला यायचे. तोवर या बाई सेफ्टी डोअरच्या आत. डबा टेबलावर, टीव्ही चालू, गॅसचा नॉब काढून ठेवलेला. मी घंटी वाजवली तर जाळीतून बोट बाहेर काढून त्यांनी माझ्या ओढणीला हात लावला आणि तसाच धरून ठेवला. भाऊ वाईट नव्हता. पण ते घरसुद्धा एक संस्थाच होतं: राहणारी एक, कुलूप एक आणि दिवसभर कर्मचारी शून्य. पुढे त्या बाई वीस जणींच्या एका निवासी गृहात गेल्या. तिथे भाजी निवडायला बसतात, मंगळवारी बाजारात जातात, एका मैत्रिणीशी भांडतात आणि तिच्याशीच बोलतात. त्यांच्यासाठी संस्था हीच समाजाकडे जाणारी वाट ठरली.

म्हणून मी पत्ता विचारत नाही, तीन गोष्टी विचारते. आठवड्याभरात या माणसाला नावाने हाक मारणारी किती माणसं भेटतात? दिवसातल्या किती गोष्टी तो स्वतः ठरवतो, अगदी चहा आधी की आंघोळ आधी इतकी लहान गोष्टसुद्धा? आणि त्याला सांभाळणारं मुख्य माणूस उद्या आजारी पडलं तर परवा सकाळी काय होतं? या तिन्हींची उत्तरं जिथे बरी, ती जागा बरी.

थोडं मागचं सांगते, कारण नेटवर परदेशातलं वाचून लोक फार गोंधळतात. युरोप-अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षं अशा माणसांना गावाबाहेरच्या मोठमोठ्या संस्थांत ठेवत. न्यूयॉर्कच्या विलोब्रुकमध्ये चार हजारांच्या जागेत सहा हजारांहून जास्त माणसं होती. १९७२ साली एका टीव्ही पत्रकाराने कॅमेरा आत नेला, तेव्हा उघडीनागडी, मळलेली मुलं देशाने पाहिली. ती संस्था १९८७ मध्ये बंद झाली. १९६०-७० च्या काळात स्वीडनमधले या क्षेत्रातले विचारवंत बेंग्ट निर्ये मांडत होते की या माणसांचा दिवस, आठवडा आणि वर्ष इतरांसारखं असायला हवं: सकाळी उठून कामाला जाणं, सुट्टीच्या दिवशी सुट्टी, सणाला सण. तिकडची चळवळ ही संस्थांतून माणसं बाहेर काढण्याची होती. आपल्याकडे अशी माणसं मुळात घरातच असतात. त्यांना कुठून बाहेर काढायचं नाहीये. ज्या घरात ती आहेत त्या घराला आजवर कुणी हात दिलेला नाही, हे आपलं दुखणं आहे. तिकडचं 'संस्था बंद करा' हे वाक्य जसंच्या तसं इथे आणलं तर त्याचा अर्थ एवढाच उरतो की सगळं आईवर टाका. आणि आईचे गुडघे तर गेलेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुक एका व्यवस्थेतच राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचा, असं ते सांगतं. पण घरी, निवासी आणि वस्तीत मिळणाऱ्या आधारसेवा तिला उपलब्ध असाव्यात, हेही त्याच कलमात आहे. दुसऱ्या भागाशिवाय पहिला भाग पोकळ आहे.

आता दादांकडे येते. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत आणि मी तिथेच थांबले. दादा सकाळी सातला खाली जाऊन दूध आणतात, शेजारच्या आजींची पाण्याची कळशी भरून देतात आणि गणपतीत झांज वाजवतात. ताई, हाच तो वस्तीतला आधार, ज्याच्यासाठी इतर देशांत पगारी माणसं नेमतात. दूधवाल्याला माहीत आहे की यांना अर्धा लिटरच्या दोन पिशव्या द्यायच्या आणि उरलेले पैसे खिशात घालून द्यायचे. मंडळाच्या पोरांना माहीत आहे की फटाके वाजायला लागले की दादांना आत न्यायचं. हे कुणी लिहून दिलेलं नाही. चाळीस वर्षं उघड्या दारांनी राहिल्यामुळे झालेलं आहे.

म्हणूनच रिडेव्हलपमेंटची मला आश्रमापेक्षा जास्त काळजी वाटते. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर मिळेल, आत संडास मिळेल; आईंच्या गुडघ्यांसाठी ते मोठं सुख आहे, ते कमी लेखत नाही. पण गॅलरी जाते. मधली काही वर्षं दुसरीकडे जावं लागतं, आणि नव्या इमारतीत कुठला मजला मिळणार, शेजारी कोण येणार, हे लॉटरीवर. आमच्या वर्कशॉपमधला ३३ वर्षांचा एक जण असाच चाळीतून चौदाव्या मजल्यावर गेला. चाळीत तो दिवसातून दहा वेळा खाली-वर करायचा. टॉवरमध्ये चार महिने घराबाहेर पडला नाही. घरच्यांना वाटलं लिफ्टला घाबरतो. मी जाऊन पाहिलं तर लिफ्टची भीती नव्हतीच. आपला मजला कुठला हे कळत नव्हतं आणि सगळी दारं सारखी दिसत होती.

त्याला आकडे पाचपर्यंतच येतात. आम्ही चावीच्या जुडग्याला एक पत्त्याएवढं कार्ड लावलं, त्यावर '१४', बटणावर असतो तसाच, तशाच वळणाचा. वाचायचं नाही, जुळवायचं. शिकवताना उलटीकडून सुरुवात केली. पहिले दोन आठवडे सगळं मी करायची, त्याने फक्त दार उघडलं की उतरून आपल्या दारावर टकटक करायची. आई दार उघडून 'आलास?' म्हणायची. ते जमलं तेव्हा बटण त्याच्याकडे. मग लिफ्ट बोलावणं. शेवटी खालच्या फाटकापासून एकट्याने. नऊ आठवडे लागले. एकदा मध्येच लिफ्ट अकराव्यावर कुणासाठी तरी थांबली आणि हा उतरला, चुकीच्या दारावर टकटक केली. तिथल्या काकूंनी ओळखलं नाही, दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बघतात तर हा जिन्यात बसलेला. त्यानंतर मी त्याला घेऊन अकराव्या, बाराव्या, तेराव्या मजल्यावर दारोदार गेले. हा अमुक, चौदाव्यावर राहतो, चुकून आला तर फक्त वर बोट दाखवा. त्याच काकू आता त्याच्याकडून कोथिंबीर मागवतात. वॉचमनला त्याचा फोटो आणि घरचा नंबर देऊन ठेवला होता. पुढे वॉचमन बदलला तेव्हा जुन्यानेच नव्याला सगळं सांगितलं.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण वस्तीतला आधार आपोआप नव्या जागी येत नाही. तो सामानासारखा बांधून न्यावा लागतो. तुमची इमारत रिकामी होण्याआधी चार-पाच शेजाऱ्यांना घरी बोलावून स्पष्ट बोला. कोण कुठे जाणार आहे ते विचारा. ट्रान्झिटची, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घराची, सोय घ्यायची की भाडं घेऊन बाहेर राहायचं, असा पर्याय मिळाला तर भाड्याच्या रकमेइतकाच विचार याचा करा की दादांना ओळखणारी किती घरं जवळ राहतील. भाड्याने घ्यायचं झालं तर नायगाव-वडाळा-परळ सोडू नका, खोली लहान मिळाली तरी चालेल.

याच कारणासाठी दादांना सरळ कांदिवलीला आणा असं मी म्हणणार नाही. तुमचं घर हे तुमच्यासाठी घर आहे. वाणी तुमचा, मैत्रिणी तुमच्या. दादांना तिथे दूधवाला नाही, झांज नाही. तुम्ही नोकरीला गेलात की त्या जाळीच्या दारातल्या बाईंसारखा दिवस होईल. तुमच्या मनात ते करायचं आहे, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण आणायचंच झालं तर आधी दिवसाची सोय, मग दादा. आधी दादा आणि मग बघू, असं नको. कांदिवलीहून रोज जाता येईल असं वर्कशॉप किंवा डे सेंटर आधी नक्की करा. प्रवासाची भीती बाळगू नका. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे, पासात सवलत आहे, आणि आमच्याकडे मध्यम अपंगत्व असलेली कितीतरी माणसं दोन गाड्या बदलून येतात. शिकायला महिने लागतात, पण येतं.

आता रात्रीचा प्रश्न, कारण खरी गाठ तिथे आहे. दिवस निघतो, आईनंतर रात्री दादांजवळ कोण? त्यासाठी घर आणि मोठी संस्था यांच्या मधली एक व्यवस्था आहे: चार ते सहा जणांचं छोटं घर, साध्या सोसायटीतला फ्लॅट, दिवसा सगळे कामाला बाहेर आणि रात्री कुणीतरी सोबतीला. राष्ट्रीय न्यास ही बौद्धिक अपंगत्वासारखं अपंगत्व असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था; तिची 'घरौंदा' योजनाही मोठ्या माणसांच्या एकत्र निवासासाठी आहे. मुंबईत अशी घरं फार थोडी आहेत आणि त्याचं कारण हिशेबात आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करणार. म्हणजे चोवीस तास एक जण हजर असायला साडेतीन माणसं, रजा-सुट्ट्या धरल्या तर चार. एकट्या दादांसाठी ठेवलं तरी चार आणि पाच जणांसाठी ठेवलं तरी साधारण तितकीच. त्यात मुंबईचं भाडं. म्हणून हे एका कुटुंबाला झेपत नाही, पाच कुटुंबं एकत्र आली तर झेपू शकतं, त्यातही एखाद्याकडे जागा असेल तर. दादा ज्या वर्कशॉपला जातील तिथल्या पालकांशी पहिल्या महिन्यापासून ओळख वाढवा, असं मी म्हणते ते याचसाठी. पालकांनी मिळून काढलेल्या अशा घरांची बोलणी मी पाहिलीत. ती सात-आठ वर्षं चालतात, आणि जे आई धडधाकट असताना बोलू लागतात त्यांचंच काहीतरी होतं.

याच हिशेबातून मोठ्या संस्था का बिघडतात तेही कळतं. तिथले लोक निर्दय असतात असं नाही. साठ माणसांमागे रात्री दोन जण आणि ती संस्था स्टेशनपासून रिक्षाने पाऊण तासावर. मग सगळ्यांना एकाच वेळी उठवणं, एकाच वेळी आंघोळ, सगळ्यांचे केस बारीक, संध्याकाळी सहाला जेवण, हे सोयीचं म्हणून सुरू होतं आणि नियम होऊन बसतं. भेटायला कुणी येत नसेल तर ते बघणारंही कुणी नसतं.

यात माझ्याकडून झालेली एक गोष्ट सांगायलाच हवी. बारा-तेरा वर्षांपूर्वी ३६ वर्षांच्या एका गृहस्थांना मी स्वतः एक निवासी संस्था सुचवली होती. नाव घेत नाही. मोठं आवार, झाडं, हसतमुख व्यवस्थापक. तीन महिन्यांनी त्यांच्या भावाबरोबर गेले तर वजन नऊ किलोंनी उतरलेलं, डोक्याचा गोटा केलेला, गुंगीच्या औषधाने डोळे जड. तिथले लोक म्हणाले, फार आरडाओरडा करतो, डोकं आपटतो. आम्हाला पाहून ते गृहस्थ एकच शब्द बोलले, 'काऊ'. तिथल्या ताई म्हणाल्या, हो, इथे कावळे खूप आहेत, त्यांना बघूनच ओरडतो. पण 'काऊ' म्हणजे दुखतंय. लहानपणी ते पडले की आई 'तो बघ काऊ' म्हणून रडू थांबवायची, आणि ३६ वर्षं त्या घरात दुखण्याचं नाव काऊच होतं. दाढ किडून गळू झालं होतं. आई वारलेली, भावाला सांगायचं सुचलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी कुणालाही वहीशिवाय कुठेही पाठवत नाही. वहीचं पुढे सांगते.

मामांच्या आश्रमाबद्दल म्हणूनच माझं म्हणणं असं. सरसकट नाही म्हणू नका, पण झाडं बघून हो म्हणू नका. न सांगता संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. टूथब्रश बघा: ज्याचा त्याचा वेगळा, नाव लावलेला आहे का, की एका डब्यात सगळे. कपाट उघडायला सांगा. प्रत्येकाचे कपडे त्याच्याच मापाचे आहेत की धुऊन आले की मिळेल तो घालायचा. पायाची नखं बघा. हाताची पाहुण्यांसाठी कापलेली असतात. संडासाला आतून कडी आहे का. रात्री किती माणसं जागी असतात. गेल्या महिन्यात इथला कोण कुठे बाहेर गेला होता, असं विचारा आणि व्यवस्थापकाला नाही, तिथे राहणाऱ्यांपैकी कुणाला तरी विचारा. २०१६ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा; ते नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि अंतर. पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही जाऊ शकणार नाही इतकी लांबची संस्था, कितीही चांगली असली तरी घेऊ नका. भेटायला येणारं माणूस हीच तिथल्या माणसाची खरी सुरक्षा असते.

संस्था हाच बरा पर्याय ठरेल, अशीही परिस्थिती असते. दादांना वारंवार फिट येऊ लागल्या, ते स्वतःला किंवा आईंना इजा करू लागले, किंवा तुमच्या घरात अचानक असं काही घडलं की दुसरं कुणीच नाही, तर अपराधी न वाटून घेता चांगली जागा बघा. मावशींना माझ्या वतीने सांगा, ठेवणं पाप नाही. ठेवून विसरणं वाईट.

कागदपत्रांचं पटकन सांगते, कारण यात उशीर परवडत नाही. सगळ्यात आधी कौटुंबिक पेन्शन. आईंना आता ती मिळत असेल. त्यांच्यानंतर कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला ती तहहयात मिळू शकते, वयाची २५ ची अट त्याला लागत नाही. पण दादांचं नाव आई असताना पेन्शनच्या कागदांवर चढवून घ्या. मागाहून दोन-दोन वर्षं खेटे घालणारे भाऊ-बहीण मी पाहिलेत. दुसरं, कायदेशीर पालकत्व. अठरा वर्षांनंतर आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. नायगाव मुंबई शहर जिल्ह्यात येतं, म्हणजे फोर्टचं जिल्हाधिकारी कार्यालय. पालक झाल्यावर सहा महिन्यांत दादांच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. याचा अर्थ दादांचं सगळं तुम्ही ठरवायचं असा नाही. बँक, पेन्शन, घर अशा जिथे सही लागते त्या गोष्टींपुरतं ते वापरा. तिसरं, नव्या घराच्या करारात आणि आईंच्या मृत्युपत्रात दादांचा राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा. ते वकिलाकडूनच करून घ्या. न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तो काढून टाका. दादांचं वर्कशॉप ठरवताना किंवा त्यांची क्षमता तपासून घ्यायची असेल तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे मार्गदर्शन मिळतं.

इतकं सगळं तुम्ही लिहिलंत, त्यात आई काय म्हणतात ते आहे, मामा, मावशी, तुमचे यजमान काय म्हणतात ते आहे. दादांना काय हवंय हे कुठे नाही. त्यांना विचारून काय कळणार, असं वाटणं साहजिक आहे. 'तुला आश्रमात राहायचंय का?' या प्रश्नाला ते हो म्हणतील, आणि 'नाही राहायचं ना?' म्हटलं तरी हो म्हणतील. शब्दांनी विचारू नका, दाखवून विचारा. आणि एकदा नाही. एका जागी तीन-चार दिवस जाऊ द्या, घरी आल्यावर त्या जागेचा फोटो समोर ठेवा. जेवण कसं झालं, झोप लागली का, दुसऱ्या दिवशी चपला स्वतःहून घातल्या की पलंगाखाली लपवल्या, हे बघा. चपला लपवणं हे फार स्पष्ट उत्तर असतं.

म्हणून आई हिंडत्या-फिरत्या आहेत तोवर रात्रींची सवय सुरू करा. आईचं निधन, घर बदलणं आणि नवी माणसं हे तिन्ही एकाच आठवड्यात अंगावर आलं की माणूस मिटून जातो. वर्षानुवर्षं शिकलेलं विसरतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की या एका गोष्टीसाठी मी पालकांशी भांडतेसुद्धा. महिन्यातून एक रात्र तुमच्याकडे. मग सलग दोन. मग एखाद्या निवासी केंद्रात चार-पाच दिवसांची तात्पुरती सोय असेल तर तिथे. आई घरीच असतात, दादा जातात आणि परत येतात. जाऊन परत येता येतं हे त्यांना कळणं, हीच या सगळ्या खटाटोपातली मोठी कमाई.

आता वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. फोनवर नको, फोन बदलतो. पहिल्या पानावर दादांचे शब्द आणि त्यांचे अर्थ. दुखलं की काय म्हणतात, संडासला जायचं असलं की काय करतात, नको असेल तेव्हा हो म्हणतानाचा चेहरा कसा असतो. मग दिवस: किती वाजता उठतात, चहात बिस्किट बुडवतात की वेगळं खातात, आंघोळीला पाणी किती गरम. मग घाबरण्याच्या गोष्टी आणि शांत होण्याच्या गोष्टी. औषधं, दात, चष्मा, रक्तगट. शेवटी माणसं, फोटोसकट: दूधवाला, शेजारच्या आजी, मंडळातली दोन पोरं. हे आईंना बसवून विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. एका बैठकीत होणार नाही. त्यांना जे सांगण्यासारखं वाटत नाही, तेच नेमकं हवं असतं.

पहिल्या रात्री दादा तुमच्याकडे येतील तेव्हा नवी चादर घालू नका, त्यांची रोजची गोधडी न धुता सोबत आणा. दिवा चालू ठेवायचा की बंद, ते आईंना आधी विचारून घ्या. रात्री झोपताना आईंशी फोनवर बोलायला देऊ नका, आवाज ऐकला की निघायची घाई होते. आईंनाच सकाळी सातला फोन करायला सांगा, 'दूध आणलंस का' म्हणून. आणि त्याआधी दादांना घेऊन तुमच्या इमारतीखालच्या डेअरीवर जाऊन या, दोन पिशव्या त्यांनाच मागू द्या.